आपोआप सुरू होईल, अण्णा

चोवीस वर्षं मी बेंगळुरात कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं केली. निपाणीहून लग्न होऊन इथे आले, सासरच्या ओळखीनं एका लहानशा कंपनीत लागले आणि निवृत्त झाले तेव्हाही त्याच कंपनीत होते. कंपनीचं काम म्हणजे दुसऱ्यांची मशिनं चालू ठेवणं. सुरुवातीला मला बघून गिऱ्हाईक विचारायचं, "इंजिनिअर मागून येतायत काय?" मी म्हणायची, "मागून कुणी नाही, जे काही आहे ते हेच." मग बाई माणूस स्क्रू कसा फिरवते ते बघायला अर्धं ऑफिस गोळा व्हायचं.

मारतहळ्ळीला, तिथे मोठाल्या इमारती यायच्या आधी, एक कारखाना होता. दसऱ्याच्या आयुधपूजेला त्यांनी मुख्य कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला आणि कुंकू इतक्या भक्तीनं लावलं की फ्लॉपीच्या खाचेत चमचाभर गेलं. मी ब्रशनं कुंकू काढत होते आणि मॅनेजर मागे हात जोडून उभा. "देवाचं आहे, मॅडम, स्वल्प जपून." अशा गोष्टी सांगितल्या की लोक हसतात आणि मलाही सांगायला आवडतात. पण या दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हा ठरवलं, की जी गोष्ट आजवर सांगितली नाही तीच लिहायची.

नव्वदच्या दशकाचा शेवट. बनशंकरीत वसंतअण्णा म्हणून एक गृहस्थ राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आमच्यासारख्याच पण इथे चार पिढ्या मुरलेल्या मराठी घरातले. बोलताना अर्धं कानडी, अर्धं मराठी आणि रागावले की फक्त कानडी. त्यांनी समोरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर मांडला होता. त्यावर लिनक्स घातलेलं, शेजारी मोडेम, त्याला टेलिफोनची लाईन आणि पलीकडे करकर आवाज करणारा प्रिंटर. तेव्हा घरी ईमेल असणं ही मोठी गोष्ट होती. आसपासच्या वीसेक मराठी घरांतली मुलं परदेशी गेली होती. ती मुलं अण्णांच्या पत्त्यावर पत्र पाठवत आणि अण्णा ते छापून ज्याचं त्याला देत. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. ज्यांना वाचता येत नसे त्यांना अण्णा व्हरांड्यात बसवून वाचून दाखवत. ह्याचे ते कुणाकडून काही घेत नसत.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ह्या मशीनवर एक प्रोग्राम सतत चालू असे. पडद्यावर तो दिसत नाही, कुणी त्याच्याशी बोलत नाही, तो मागे गुपचूप बसून काम करतो. ठरलेल्या वेळी फोन लावायचा, आलेली पत्रं उतरवून घ्यायची, लिहिलेली पाठवायची, छापायची. आमच्यात अशा प्रोग्रामला जे नाव आहे त्याचा अर्थ जवळपास भूत असाच होतो, म्हणून अण्णा त्याला भूतच म्हणत. अडचण एकच होती. करंट गेला की मशीन बंद पडे. करंट आला की मशीन आपलं आपण सुरू होई, पण भूत उतरलेलं ते उतरलेलंच. अण्णा मग पडद्यासमोर बसून एक ओळ टाईप करत आणि ते परत बसवत. करंट दिवसातून दोनदा जायचा, तर अण्णाही दोनदा बसायचे. त्यांचं काही बिघडत नव्हतं.

पण त्या वर्षी धारवाडला त्यांच्या मुलीच्या घरी मुंज निघाली. अण्णा आणि त्यांची बायको बारा दिवस जाणार. त्यांनी मला फोन केला.

"सुमन, मी नसताना ते भूत आपोआप बसायला पाहिजे. होतंय का बघ की."

"होतंय की, अण्णा. अर्ध्या तासाचं काम."

दुपारी गेले. व्हरांड्यात एक वयस्कर गृहस्थ बसले होते. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. अण्णांनी ओळख करून दिली. हे हणमंतराव. गणवेश शिवणाऱ्या दुकानात चाळीस वर्षं कटिंग मास्तर होते, आता घरीच मशीन टाकून बसतात. मागच्या गल्लीत राहतात. घरी फोन नाही. मुलगा गिरीश अमेरिकेत.

गिरीशची हकिगत अण्णांनी आत आल्यावर सांगितली. त्यानं तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं, तेव्हा हणमंतरावांनी अण्णांच्याच फोनवरून त्याला सांगितलं, आता इकडे यायचं कारण नाही. तीन वर्षं झाली. मधे नात झाली, तीही ह्यांनी पाहिलेली नाही. आता बायकोचं, यमुनाक्कांचं, हृदय अशक्त झालं होतं. त्या अंथरुणावरून उठेनात आणि रोज एकच विचारत, पोराला कधी लिहिणार? शेवटी हणमंतराव पंधरा दिवसांपूर्वी अण्णांकडे आले आणि त्यांनी चार ओळी सांगितल्या. आईला बरं नाही. मी बोललो ते बोललो. जमेल तसं ये. तेव्हापासून ते सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यात येऊन बसत.

मी कामाला लागले. मशीन सुरू होताना एक यादी वाचतं, तीत लिहिलेलं एकेक काम करत जातं. त्या यादीत खाली मी प्रोग्रामचं नाव लिहिलं. मग ती यादी हातानं चालवून बघितली. भूत बसलं, मोडेम किंचाळलं, फोन लागला. पहिल्याच फटक्यात. मला आपलं बरं वाटलं.

अण्णा मागे उभे होते. म्हणाले, "एकदा बंद करून चालू करून बघूया काय? पूर्ण?"

"कशाला, अण्णा? आत्ता तुमच्यासमोर चालवून दाखवलं की."

घड्याळात साडेतीन झाले होते. मला हेब्बाळला एका कारखान्यात पोचायचं होतं, दोन बस बदलून. मशीन बंद करून पुन्हा उभं राहायला चार मिनिटं लागत. चार मिनिटं मला नव्हती असं नाही. मला ती द्यावीशी वाटली नाहीत. एकदा चाललेली गोष्ट पुन्हा तपासायला सांगणं मला तेव्हा माझ्या कामावरचा अविश्वास वाटायचा.

बाहेर पडताना हणमंतरावांनी मला थांबवलं.

"अक्का, म्हणजे अण्णा इथे नसले तरी पत्र येईल ना?"

"येईल. तुम्ही काळजी करू नका. माझी जबाबदारी."

हे शब्द मी म्हटले. दुसऱ्या कुणी नाही.

अण्णा गेले. किल्ली शेजारच्या कमलम्मांकडे होती. कमलम्मा शाळेतल्या शिक्षिका, कानडी. मराठीतलं ओ का ठो कळत नसलं तरी इंग्रजी अक्षरांतलं मराठी पत्र त्या खडखडीत वाचत आणि ऐकणारे अर्थ लावत. सकाळ-संध्याकाळ दार उघडायचं, प्रिंटरवर कागद आले असतील तर ज्याचे त्याला द्यायचे, एवढंच त्यांचं काम.

पहिल्या दिवशी दोन पत्रं आली. दुसऱ्या दिवशी दुपारी करंट गेला, तासाभरानं आला. मशीन सुरू झालं. हिरवा दिवा लागला, पंखा घरघरू लागला. कमलम्मांनी दिवा बघितला आणि त्यांना सगळं ठीक वाटलं. पण भूत बसलेलं नव्हतं.

का बसलं नाही ते सांगते. मी यादीत प्रोग्रामचं नुसतं नाव लिहिलं होतं, तो कुठल्या जागी ठेवलाय तो पूर्ण पत्ता लिहिला नव्हता. आपण मशीनवर नाव सांगून बसलेलो असतो तेव्हा त्याला आपल्या नेहमीच्या जागा माहीत असतात, नुसत्या नावानं ते शोधून काढतं. नुकतंच जागं झालेलं मशीन मात्र परगावाहून स्टेशनात उतरलेल्या माणसासारखं असतं. त्याला हणमंतराव कोण ते ठाऊक नाही. कितवा क्रॉस, कितवा मेन, कितवं घर, सगळं सांगावं लागतं. मी यादी हातानं चालवली तेव्हा मी तिथे बसलेली होते, म्हणून चाललं. मशीन एकदा बंद करून चालू केलं असतं तर चार मिनिटांत कळलं असतं. ही चूक धंद्यातल्या पहिल्या वर्षाची. मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

त्या दहा दिवसांत एकही पत्र छापलं गेलं नाही. वीस घरांपैकी एकालाही शंका आली नाही. मुलं पत्र पाठवत नाहीत, ही गोष्ट आईबापांना किती सहज पटते! हणमंतराव दोन्ही वेळा येत. कमलम्मा दार उघडत, प्रिंटरकडे बघत आणि म्हणत, "बंदिल्ला, हणमंतराव." आलं नाही. ते "सरी", म्हणजे बरं, म्हणून परत जात. हे मला कमलम्मांनीच नंतर सांगितलं. आठव्या दिवशी ते म्हणाले होते, "बरोबर आहे त्याचं. मीच तोडलं होतं."

अण्णा धारवाडहून परतले, प्रिंटरखालची जागा रिकामी बघितली आणि त्यांना लगेच कळलं. त्यांनी ती एक ओळ टाईप केली. अर्धा तास प्रिंटर थांबला नाही. चौथं की पाचवं पत्र गिरीशचं होतं.

त्यांनी मला ऑफिसात फोन केला. एवढंच म्हणाले, "सुमन, ये."

मी गेले तेव्हा हणमंतराव व्हरांड्यात नाही, आत खुर्चीवर बसले होते. हातात तो कागद. अण्णांनी तो मला वाचायला दिला. गिरीशनं लिहिलं होतं की कंपनीच्या कामासाठी तो आठवड्याभरासाठी हैदराबादला येतोय, बायको-मुलीला घेऊन. बाबा म्हणतील तर रविवारी तिघंही बेंगळुरास येतील, दिवसभर आईजवळ बसतील. पुढे त्याचेच शब्द होते: आपण आईसाठी बोलावताय की मनापासून, हे मला कळत नाही, म्हणून एकदा फक्त 'ये' म्हणा. अण्णांच्या घरी दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. रविवारपर्यंत उत्तर आलं नाही तर मी समजेन की अजून वेळ आहे. राग मानणार नाही.

तो रविवार उलटून तीन दिवस झाले होते. गिरीश परतीच्या विमानात बसला होता.

मी मशीनसमोर बसले. दोन मिनिटांत चूक दिसली. यादी उघडली, नावाच्या मागे पूर्ण पत्ता लिहिला, फाईल बंद केली. मागून हणमंतरावांनी विचारलं, "काय झालं होतं, अक्का?"

माझ्या तोंडून निघालं, "करंटचा झटका बसला. मोडेम अडकलं होतं."

ते म्हणाले, "हं. करंटचं कोण काय करणार." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही लगेच आलात, बरं झालं."

अण्णा मला रस्त्यापर्यंत सोडायला आले तेव्हा फाटकाशी थांबले.

"मी बघितलं तू काय टाईप केलंस ते. टेलिफोनात तीस वर्षं काढली मी, सुमन."

त्यांनी फाटकाची कडी परत लावली.

"बंद करून बघूया म्हटलं होतं मी. तू नको म्हणालीस आणि मीही ऐकलं. माझीही चूक आहे ती. त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी नाही सांगणार."

मग आम्ही दोघं परत आत गेलो. मी सगळ्यांच्या समोर प्लग उपटला. परत लावला. चार मिनिटं थांबलो. मोडेम किंचाळलं. हणमंतराव म्हणाले, "आता चाललं की."

त्याच बैठकीत गिरीशला उत्तर लिहायचं ठरलं. हणमंतराव सांगत गेले, मी टाईप करत गेले. 'चूक कुणाची नाही, करंट गेला होता' हेही वाक्य मला टाईप करावं लागलं. शेवटी ते जरा थांबले आणि म्हणाले, "लिहा, मुलीची उंची, खांदा आणि छातीचं माप कळव. इंचात." चार दिवसांनी उत्तर आलं. मापं होती. आणि पुढच्या सुट्टीत, म्हणजे वर्षभरानं, नक्की येतो असं होतं.

मधे एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. अण्णांकडचं एक पत्र पोचवायचं निमित्त होतं. खरं तर सांगून टाकायचं म्हणून गेले होते. यमुनाक्का पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. उशाशी गुलाबी कापडाचा फ्रॉक, कॉलर अजून लावायची होती. त्यांनी मला जवळ बसवलं, विचारलं, "ते मशीन आता बरं आहे ना, अक्का?" मी म्हटलं, बरं आहे. त्या म्हणाल्या, "बिचारं. माणसाचं होतं तसं त्याचंही होत असेल." मी न सांगता परत आले.

श्रावणात यमुनाक्का गेल्या. अण्णांनी गिरीशला फोन केला, ईमेलची वाट बघितली नाही. तो तिसऱ्या दिवशी पोचला, एकटाच. मी घरी भेटायला गेले तेव्हा तो कोपऱ्यात बसून आईच्या औषधांच्या बाटल्या एका पिशवीत भरत होता. प्रत्येक बाटलीवरचं लेबल वाचून मग आत टाकत होता. तेरावा झाला, तो परत गेला. त्यानं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही.

तो गेल्यावर आठवड्यानं, सकाळच्या वेळी, मी हणमंतरावांकडे गेले. ते मशीनवर कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होते. मी उभ्यानंच सांगितलं. करंटचा झटका नव्हता. मोडेमही ठीक होतं. मी एक ओळ अर्धवट लिहिली होती. अण्णा तपासून बघूया म्हणाले होते, मी घाईत होते, नको म्हणाले. नंतर तुमच्याशी खोटं बोलले.

त्यांचा पाय थांबला. सुई कापडात तशीच होती.

"तपासायला किती वेळ लागला असता?"

"चार मिनिटं."

"चार," ते म्हणाले. बाहेरून भाजीवाली ओरडत गेली.

"अक्का, हे मला आत्ता कशाला सांगितलंत?"

मी म्हटलं, "मला राहवेना."

"तुम्हाला राहवेना," ते म्हणाले, रागानं नाही, नीट समजून घेत असल्यासारखे. "इतके दिवस मी करंटवर चिडत होतो. करंट कुणाचा नसतो. त्याच्यावर चिडलं तर कुणाला लागत नाही. आता तुमच्यावर चिडायला पाहिजे. आणि तुम्ही वाईट बाई नाही. कसं करू मी ते?"

त्यांनी मान खाली घातली आणि पाय चालवू लागले. मी थोडा वेळ थांबले आणि निघाले.

त्यानंतर नोकरीत होते तोवर मी एकही मशीन प्लग उपटून बघितल्याशिवाय सोडलं नाही. गिऱ्हाईक वैतागायचं, "मॅडम, चालतंय की!" मी म्हणायची, चालतंय ते मी इथे आहे म्हणून. मी नसताना चालतंय का ते बघू. माझ्या हाताखाली आलेल्या मुलामुलींना मी हेच शिकवलं आणि ते हसत माझी नक्कल करायचे. त्यांना कारण कधी सांगितलं नाही. ऑफिसात माझी ख्याती झाली की सुमनक्कांचं काम परत येत नाही. ती ख्याती कशावर उभी होती ते अण्णा, हणमंतराव आणि मी, तिघांनाच ठाऊक.

सांगितलं ते बरं केलं की वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. खोटं बोलले ती चूक होती, त्यात शंका नाही. पण खरं सांगायला मी गेले ती त्यांच्यासाठी गेले की माझ्यासाठी? माझं ओझं उतरलं हे खरं. ते कुणाच्या डोक्यावर ठेवलं, हे मला त्यांच्या दारातून बाहेर पडताना कळलं.

अण्णांच्या मशीनचं काम मी पुढेही करत राहिले. हणमंतराव तिथे भेटायचे. मी आत गेले की ते उठून व्हरांड्यात जात. मी व्हरांड्यात आले की आत. त्यात अपमान करायचा हेतू नव्हता. एका खोलीत बसणं त्यांना जमत नव्हतं, एवढंच. गिरीशची पत्रं येत राहिली. कबूल केल्याप्रमाणे पुढच्या सुट्टीत तो बायको-मुलीला घेऊन आला. अण्णा सांगत होते, फ्रॉक आखूड झाला, तर हणमंतरावांनी खाली पट्टी जोडून दिली.

नंतरच्या वर्षी गिरीशनं वडिलांना तिकडेच बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी ते अण्णांना भेटायला आले. मी समोरच्या खोलीत प्रिंटरची रिबन बदलत होते, हात काळे. ते दारात थांबले. मी चार पावलांवर होते. ते माझ्याकडे बघत होते, पण बोलले अण्णांशी.

"अण्णा, अक्कांना सांगा, मी निघालो."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मला हात पुसायचंही सुचेना.

"अण्णा," मी म्हटलं, "त्यांना सांगा, तिकडे थंडी फार असते. जपून राहा म्हणावं."

"सरी," हणमंतराव म्हणाले, चपला घातल्या आणि फाटक लावून गेले.